उलटी किस्त

विदर्भात कारंजा नावाची तालुक्याची गावे दोन. एक वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड), दुसरे वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावरचे कारंजा (घाडगे). कागदावर कंस राहून गेला, तर कोणते कारंजा हा प्रश्न उरतोच. या गावाला नावाच्या नेमकेपणाची अशी जन्मजात गरज आहे. पुढे जी हकिगत सांगायची आहे तीही नावाचीच आहे. सरकारने शेतकऱ्याला पैसा द्यायचा ठरवला तेव्हा तो कोणाच्या नावाने दिला, आणि ते नाव कागदावर कुठून आले, एवढाच तिचा विषय.

बोर अभयारण्याच्या कडेला असलेला हा तालुका. टेकड्यांच्या अंगाला बरड, मुरमाड जमीन, नाल्याकाठी काळी. कार नदीवरच्या प्रकल्पाचे पाणी काही गावांना मिळते, काहींना विहिरीने तारले आहे, बाकीची वावरे पावसाच्या भरवशावर. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर ही नेहमीची पिके आणि त्यांच्या जोडीला संत्रा. इथला कास्तकार बँकेच्या दारात दुसऱ्या कास्तकाराला भेटला की विचारतो, "किस्त आली का?" किस्त म्हणजे प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे २,००० रुपये. पुस्तकी मराठीत तिला हप्ता म्हणतात. पण किस्त हा शब्द या मुलखात फार जुना आहे आणि पूर्वी त्याची दिशा उलटी होती. तेव्हा किस्त सरकारकडून येत नसे, वावरातून सरकारकडे जात असे.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि पुढच्या वर्षी नागपुरातून वर्धा हा वेगळा जिल्हा काढला गेला. त्याच्या तीन तहसिली होत्या: वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी. आजचा कारंजा तालुका त्या वेळी आर्वी तहसिलीत होता. जमाबंदी झाली तेव्हा सरकारने एक मोठा निर्णय घेतला. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडात सरकारने सारा थेट खातेदाराशी ठरवला. अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारालाच गावाचा मालक मानले. नदी एक, माती एक, कापूसही एकच. पण पलीकडचा कुणबी सरकारच्या वहीत स्वतःच्या नावाने उभा राहिला आणि अलीकडचा कुणबी मालगुजाराचे कूळ म्हणून.

कूळ मालगुजाराला किस्तीने खंड देई, मालगुजार त्यातला ठरलेला भाग किस्तीने सरकारात भरी. पीक गेले तरी किस्त चुकत नसे. फार झाले तर तहकूब होई. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून मालगुजारांचे वाडे उभे राहिले. कुळाच्या घरावर मात्र गवतच राहिले.

सरकारने शेतीला पैसा देण्याची कायदेशीर सोयही याच मालगुजारीच्या काळातली. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा. त्यांतून मिळणारी तगाई आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात ऐकू येई. विहीर, बांध, बैल, बियाणे यांसाठी सरकार कर्ज देई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांताला या तगाईचा आधार लागला. पण तगाईला तारण लागे, तारणाला जमीन लागे, आणि जमिनीवर नाव लागे. ज्याची जमीन गहाण पडू शकत नाही त्याला जामीन शोधावा लागे, आणि गावात जामीन राहण्याइतकी पत असलेला माणूस बहुधा मालगुजारच असे. मदत कागदावरच्या नावाकडे जायची आणि मग त्या नावाच्या मर्जीने खाली उतरायची. ही वाट तेव्हा जी पडली ती पडलीच.

स्वातंत्र्यानंतर नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. तिथल्या विधानसभेने केलेला मालकी हक्क रद्द करण्याचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजारी संपली. या दिवसाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सरकारने या भागातल्या जमीनमालकांना दिलेली पहिली मोठी रक्कम म्हणजे मालगुजारांची नुकसानभरपाई. निव्वळ उत्पन्नाच्या दहापट भरपाई, शिवाय लहान मालगुजारांना पुनर्वसनाचे अनुदान. सीर आणि खुदकाश्तीची, म्हणजे घरच्या वहितीची, जमीन त्यांच्याकडेच राहिली. कायद्याला आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो वैध ठरवला. ऐंशी-नव्वद वर्षे खंड भरणाऱ्या कुळाला भरपाई मिळाली नाही, पण त्याला त्याहून मोलाची गोष्ट मिळाली. सरकारच्या वहीत त्याचे नाव चढले. १९५४ च्या संहितेत तो भूमिस्वामी किंवा भूमिधारी झाला आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेनंतर सातबाऱ्यावर भोगवटादार. आजची किस्त ज्या नावावर जमा होते ते नाव पुष्कळ घरांत त्या १९५१ सालाच्या बदलातून आलेले आहे.

त्याच वर्षी, त्याच महिन्यात, कारंज्याच्याच जिल्ह्यातून विनोबा पायी निघाले आणि १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. एकीकडे कायदा मालकाला भरपाई देऊन जमीन घेत होता, दुसरीकडे एक माणूस काहीही न देता जमीन मागत होता. वर्धा जिल्ह्याने दोन्ही एकाच वेळी पाहिले.

पण या कथेतला खरा गुंता १९५८ सालात आहे. विदर्भ तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता. त्या वर्षी विदर्भासाठी वेगळा कूळ कायदा झाला. जो कसतो त्याला मालकी मिळावी हा त्याचा हेतू, आणि हेतू न्यायाचा होता. ज्यांची नावे कूळ म्हणून नोंदलेली होती त्यांतल्या अनेकांना जमीन मिळाली. मात्र जमीन असणाऱ्यांच्या मनात एक भीती कायमची बसली: कागदावर कोणाला कसायला दिले तर जमीन जाते. मग कागदच बंद झाला. वावर देणे-घेणे थांबले नाही, ते तोंडी झाले. एका वर्षाच्या मक्त्याने, बटईने, गुढीपाडव्याला ठरवायचे आणि पुढच्या पाडव्याला मोकळे व्हायचे. मक्त्याचे पैसे आगाऊ, पावती नाही, सातबाऱ्याच्या पीकपाहणीत नाव मालकाचेच. कुळाला वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने पुढच्या पिढीतले कूळ अदृश्य केले. हे मी कायद्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या वेळी तो कायदा हवाच होता. पण साठ वर्षांनी सरकार जेव्हा खात्यात पैसे टाकायला निघाले, तेव्हा वावरात राबणारा तो माणूस कोणत्याही वहीत सापडेना, त्याचे मूळ इथे आहे.

१९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या तीस वर्षांत कापसाचा सरकारी पैसा अनुदान म्हणून येत नसे, चुकारा म्हणून येई. कापूस संकलन केंद्रावर न्यायचा, प्रत लावून घ्यायची, आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. त्यातून सोसायटीचे कर्ज आधीच कापून घेतलेले असे. उरलेल्या रकमेवर पोरीचे लग्न, खताची उधारी, दिवाळी. चुकारा उशिरा येई, बोनस कधी जाहीर होई, कधी नाही. पण त्या पैशाला एक मान होता: तो पिकवलेल्या मालाचा होता. मक्तेदारालाही तो मिळवण्याची वाट होती, कारण गाडीत कापूस असला की कोणाच्या तरी नावावर तो विकता येई. पुढच्या योजनांत ही वाटही राहिली नाही.

संत्र्याची हकिगत थोडी वेगळी आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. खड्डे, कलमे, खत, मजुरी यांचे पैसे सरकारने द्यायचे. काटोल, वरुड, मोर्शी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात संत्रा आधीपासून होता, त्याला या योजनेने जोर आला. पुढे २०१८ मध्ये राज्याने भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने नवी फळबाग योजना काढली. तीत अनुदान तीन वर्षांत पन्नास, तीस आणि वीस टक्के असे वाटून मिळते, आणि पुढचा पैसा मिळायचा तर झाडे जगलेली दिसावी लागतात. कृषी सहायक बागेत येतो, जिवंत कलमे मोजतो आणि मग कागद पुढे सरकतो. या योजनांत कटकटी होत्या, पैसा उशिरा येई, अर्ज अडकत. तरीही सरकारला वावरात येऊन झाडाकडे पाहावे लागे. नंतरच्या पैशासाठी ते करावे लागले नाही.

झाड जगवायला मात्र पाणी लागते, आणि अनुदानाच्या यादीत पाऊस नसतो. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या उन्हाळ्यात संत्रा पट्ट्यात टँकरने पाणी घालूनही बागा वाळल्या. दहा-बारा वर्षे पोसलेले झाड कुऱ्हाडीने तोडून सरपण करताना पाहणे काय असते, ते या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आता थोडे मागे, त्या वर्षांकडे येतो, ज्यांनी वर्ध्याचे नाव देशभर दुःखासाठी पोहोचवले. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत कापसाला २,७०० रुपये क्विंटल भाव देण्याचे वचन दिले गेले होते. निवडणूक झाली, वचन मागे पडले, आगाऊ बोनसही गेला. होम ट्रेडच्या रोखे घोटाळ्यात २००२ मध्येच वर्धा जिल्हा मध्यवर्ती बँकेचे पैसे अडकले होते, त्यामुळे सहकारी कर्जाचा झराही आटत चालला होता. बँक नाही म्हणाली की सावकार. २००५ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावाने अख्खे गाव विकायला काढल्याची पाटी लावली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे सरकारी भाषेत आत्महत्याग्रस्त झाले. जिल्ह्याच्या नावाआधी असे विशेषण लागणे ही केवढी गोष्ट आहे! कारंज्याच्या कास्तकाराने कर्जाचा फॉर्म भरला तरी त्याच्या जिल्ह्याच्या मागे ते लागलेले.

डिसेंबर २००५ मध्ये राज्याने १,०७५ कोटींचे पॅकेज जाहीर केले. ३० जून २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला गेले, आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातला मोठा भाग, २,१७७ कोटी, सिंचन प्रकल्पांसाठी होता. थकलेले ७१२ कोटींचे व्याज माफ झाले, म्हणजे थकबाकीदाराला नवे कर्ज मिळायचा दरवाजा उघडला. बियाणे, फळबाग, शेततळी, दुधाळ जनावरे असे इतर तुकडे होते. पॅकेज हा शब्द तेव्हापासून वऱ्हाडी-नागपुरी बोलीत मुरला.

जनावरांच्या तुकड्याबद्दल बोललेच पाहिजे. अर्ध्या अनुदानावर जास्त दूध देणाऱ्या गाई वाटल्या गेल्या. कारंजा तालुका हा गवळाऊ जातीच्या गाई-बैलांचा मुलूख. हेटीकुंडीचे पैदास केंद्र याच तालुक्यात. पांढरी, चपळ, उन्हात टिकणारी, टेकडीवरच्या गवतावर निभावणारी ही जात इथल्या बरड जमिनीतूनच घडली आहे. अशा मुलखात ढेप-हिरवा चारा मागणारी, ऊन न सोसणारी संकरित गाय कास्तकाराच्या दावणीला बांधली गेली. दूध घेणारी व्यवस्था जवळ नाही, चाऱ्याला पाणी नाही. कित्येकांनी मिळेल त्या भावात गाय विकली आणि अर्ध्या किमतीचे कर्ज तेवढे मागे राहिले. गवळाऊ टिकवण्यावर तोच पैसा खर्च झाला असता, तर आज या तालुक्याचे चित्र निराळे असते असे माझे स्पष्ट मत आहे.

याच काळात आणखी एक रक्कम ठरली आणि तिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. जानेवारी २००६ चा हा निर्णय. पैसा देण्याआधी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरे. कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा हवा, आणि शेती हवी. कसणारा मुलगा आणि सातबारा म्हाताऱ्या बापाच्या नावावर, तर हा शेतकरी का? मक्त्याने दहा एकर करणारा, स्वतःच्या नावावर गुंठाही नसलेला, हा शेतकरी का? आणि बाई? वावरातले निंदण, वेचणी, सगळे जिच्या हातचे, ती मेली तर शेतकरी मेला असे म्हणायचे का? या प्रश्नांवर तहसील कचेऱ्यांत फायली अडल्या. माणूस गेल्यावरही त्याला शेतकरी म्हणायचे की नाही हे एका कागदावरून ठरत होते.

२९ फेब्रुवारी २००८ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी देशभर कर्जमाफी जाहीर केली. सुरुवातीला आकडा ६० हजार कोटींचा होता, नंतर तो ७१ हजार कोटींच्या पुढे गेला. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे सारे थकीत पीककर्ज माफ. त्याहून जास्त जमीन असेल तर पंचवीस टक्के सूट, तीही उरलेली रक्कम भरली तर. वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत निदान २० हजारांची. दिल्लीहून पाहिले तर पाच एकरांची रेघ न्याय्य दिसते. कारंज्याच्या टेकडीवरून ती तशी दिसत नाही. कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणारा चार एकरवाला पूर्ण मोकळा झाला आणि बरडावर आठ एकरांत पऱ्हाटी लावून पावसाकडे पाहणारा मोठा शेतकरी ठरला. विजय जावंधिया यांच्यासारख्या वर्ध्याच्या शेतकरी नेत्यांनी कोरडवाहूचा हा मुद्दा तेव्हा सतत मांडला. सावकाराचे कर्ज तर कोणत्याच रेघेत नव्हते. ज्यांच्यासाठी ही माफी आली असे सांगितले गेले, त्या सहा जिल्ह्यांतल्या असंख्य घरांना ती दाराबाहेरून दिसली.

त्यानंतरच्या दोन माफ्या थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे व्रण ताजे आहेत. १ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि २४ जूनला दीड लाखापर्यंतच्या माफीची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. अर्ज ऑनलाइन, नवरा-बायकोने जोडीने जायचे, अंगठे लावायचे, सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग याद्या निघाल्या: हिरवी, पिवळी, लाल. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात २ लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. तीत अर्जाची कटकट कमी होती, आधारची ओळख पटवली की पुरे. जो दरवर्षी पोटाला चिमटा घेऊन कर्ज फेडत आला, त्याला मात्र ५० हजारांच्या प्रोत्साहनासाठी २०२२ च्या दिवाळीपर्यंत थांबावे लागले.

या दोन माफ्यांच्या मधे किस्त आली.

१ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पीयूष गोयल यांनी ती जाहीर केली. २४ फेब्रुवारीला रविवारी गोरखपूरहून पहिला हप्ता सुटला. वर्षाला ६,००० रुपये, चार महिन्यांनी २,००० प्रमाणे, थेट खात्यात. आधी मर्यादा दोन हेक्टरांची होती. जूनपासून तीही गेली आणि बरडावरचा आठ एकरवाला अकरा वर्षांनी यादीत आला. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी गावोगाव याद्या केल्या. आठ-अ चा उतारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स. मालगुजाराच्या काळात पटवारी वही घेऊन वसुलीला येई. आता तोच पटवारी देण्यासाठी नावे लिहून घेत होता. दीडशे वर्षांत पहिल्यांदा किस्तीचे तोंड फिरले.

या पैशाची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. मी करणार नाही. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली किंमत २०१९ मध्ये ७३० रुपये होती. एकराला साधारण दोन पाकिटे लागतात. म्हणजे एका किस्तीत एका एकराचे बियाणे येई आणि ५४० रुपये उरत. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात उधारी न मागता एका एकराचे बियाणे उचलता येणे, हे ज्याने उधारीची चिठ्ठी हातात घेतलेली आहे त्यालाच कळते. २०२५ मध्ये तेच पाकीट ९०१ रुपयांचे झाले. किस्त २,००० चीच, उरतात १९८ रुपये. राज्याने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान योजनेतून आणखी ६,००० रुपये जोडले. पहिला हप्ता त्या वर्षी २६ ऑक्टोबरला शिर्डीहून, पुढचे दोन २८ फेब्रुवारी २०२४ ला शेजारच्या यवतमाळहून. वर्षाला १२ हजार, महिन्याला एक हजार. सालदाराच्या महिन्याच्या पगारापुढे हे काहीच नाही, पण ठरलेल्या वेळी येणारा पैसा या शेतीत दुसरा कोणता आहे?

माझे दुःख रकमेचे नाही, नावाचे आहे. ही किस्त जमिनीच्या नोंदीला मिळते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याचे नाव नोंदीत होते तो शेतकरी. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले, आणि त्या कुटुंबाला एकच लाभ. नागपुरात किंवा पुण्यात राहणारा, वावर मक्त्याने देऊन वर्षातून एकदा पैसे न्यायला येणारा मालक पात्र आहे, जर तो आयकर भरत नसेल. ज्याने त्याचे वावर मक्त्याने केले, ज्याच्या अंगावर रोही आणि रानडुकरांची जागल आहे, ज्याची पऱ्हाटी बोंडअळीने खाल्ली, तो अपात्र. १९५८ नंतर जो कागदावरून पुसला गेला तो २०१९ मध्येही कागदावर नाही. दुसऱ्या राज्यांनी यावर वाट शोधून पाहिली. तेलंगणाच्या रयतु बंधूने २०१८ मध्ये मालकालाच पैसे दिले आणि कुळाला वगळले. पण ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीन आणि बटईदार धरले, आंध्रने कसणाऱ्याला पीक हक्काचे कार्ड देऊन रयतु भरोशात घेतले. म्हणजे करता येते. आपल्याकडे झाले नाही.

२०२४ मध्ये राज्याने आदल्या खरिपाच्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये दिले, दोन हेक्टरांपर्यंत. तेव्हा आणखी एक दार दिसले. ई-पीक पाहणीत पीक नोंदलेले हवे, आणि सातबारा सामायिक असेल तर बाकीच्या खातेदारांचे ना हरकत पत्र हवे. आजोबाच्या नावानंतर चार भाऊ, दोन बहिणी, एक विधवा सून अशी सात-आठ नावे असलेले सातबारे या तालुक्यात घरोघरी आहेत. एक भाऊ सुरतला, बहीण छिंदवाड्याला दिलेली, दोघांचे बोलणे नाही. सह्या जमवता जमवता मुदत सरते.

सर्वांत जास्त हे सोसते ती विधवा. नवरा गेला की त्याची किस्त बंद होते. तिला ती सुरू करायची तर वारस म्हणून नाव चढायला हवे: गाव नमुना सहा-क मध्ये नोंद, मग फेरफार, मग नोटीस, मग सातबारा. दीर म्हणतो घाई काय आहे. सासू म्हणते घरचे घरात राहू दे. महिला किसान अधिकार मंचाच्या कार्यकर्त्या विदर्भात गेली कित्येक वर्षे याच एका कामासाठी बायांसोबत तहसिलीच्या पायऱ्या चढत आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. तेव्हा बायकोच्या नावावर स्वखुशीने जमीन करणारे पुरुष हजारांनी निघाले होते. त्या गावांतल्या बायांना २०१९ मध्ये कोणाच्या मेहरबानीची गरज पडली नाही. कागद तयार होता.

१ एप्रिल २०२५ पासून राज्यात जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली. बुलढाण्यात करून पाहिलेले काम मग सगळीकडे नेले: मयत खातेदारांची नावे कमी करायची आणि वारसांची चढवायची. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण वही तीच आहे.

कारंजा तालुक्यातल्या आणि त्याच्यासारख्या प्रत्येक तालुक्यातल्या वाचकाला माझी विनंती आहे. हे वाचून झाले की घरातला सातबारा काढा आणि त्यावरची नावे मोठ्याने वाचा. त्यात गेलेल्या माणसाचे नाव असेल आणि वावरात राबणारी वहिनी, सून किंवा आई नसेल, तर पुढची किस्त यायच्या आत तिच्यासोबत चावडीवर जा. तिला एकटीला पाठवू नका.